संगणकाची रोजकीर्द आणि संस्थेची खतावणी

(पतसंस्था, शाळा व रुग्णालये चालविणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्यापैकी कोणी पतसंस्था चालवतात, कोणी शाळेचे कार्यालय सांभाळतात, तर कोणी रुग्णालयाचे विश्वस्त आहेत. क्षेत्रे भिन्न असली तरी एक वाक्य या सर्व ठिकाणी सारखेच ऐकू येते : ‘संगणक अडकलाय, बंद करून पुन्हा चालू करतो.’ खिडकीशी उभा असलेला सभासद, प्रवेशअर्ज घेऊन आलेला पालक किंवा रुग्णाच्या कागदपत्रांसाठी ताटकळणारा नातेवाईक हे वाक्य ऐकतो आणि मुकाट्याने थांबतो. पाच-दहा मिनिटांनी काम सुरू होते आणि घडलेला प्रकार सारे विसरून जातात. आजच्या माझ्या विवेचनाचा विषय हे विसरणे हाच आहे.

यंत्र म्हटले की ते कधीतरी बंद पडणारच. परंतु ते किती वेळा बंद पडले, कोठे पडले आणि कशामुळे पडले, याचा संस्थेला पत्ताच नसणे ही मात्र व्यवस्थेतील उणीव आहे. पैशाच्या बाबतीत अशी बेफिकिरी आपण एक दिवसही खपवून घेणार नाही.

रोजकीर्द आहे, खतावणी नाही

हिशेबाची रीत आपण जाणता. व्यवहार घडला की तो घडलेल्या क्रमाने रोजकीर्दीत चढतो. मात्र रोजकीर्द कितीही चोख लिहिली, तरी कोणाकडून किती येणे आहे हे खतावणी केल्याशिवाय समजत नाही. संगणकाचेही असेच आहे. विंडोज प्रणालीवर चालणारा प्रत्येक संगणक आपली रोजकीर्द आपणच लिहीत असतो. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून त्यातील ‘सिस्टीम’ हा विभाग पाहावा. तेथे प्रत्येक घटनेची वेळ आणि तिचा क्रमांक नोंदलेला असतो.

क्रमांक १०७४ याचा अर्थ, कोणा व्यक्तीने वा प्रोग्रामने रीतसर आज्ञा देऊन संगणक बंद किंवा रीस्टार्ट केला. ती आज्ञा कोणी दिली, हेही तेथे लिहिलेले असते. क्रमांक ६००८ सांगतो की, मागच्या वेळी संगणक अनपेक्षितपणे बंद झाला होता. क्रमांक ४१ म्हणजे नीट बंद न होताच तो पुन्हा सुरू झाला. ‘बगचेक’ या नावाने येणारा क्रमांक १००१ म्हणजे प्रणाली स्वतःच कोसळली होती. ज्याला आपण निळा पडदा म्हणतो तोच हा प्रकार. क्रमांक ४१च्या तपशिलात बगचेकचा अंक शून्य असेल, तर बहुधा वीज गेली असावी किंवा गोठलेले यंत्र कोणीतरी बटण दाबून धरून बंद केले असावे. अंक शून्याहून वेगळा असेल, तर ‘क्रॅश’ झाला असे समजावे. एवढा भेद कळला तरी निदानाची अर्धी वाट सरली.

मग अडचण कोठे आहे? पहिली अडचण अशी की, ही रोजकीर्द ज्या त्या संगणकाच्या पोटात राहते. दुसरी अशी की, तिची जागा मर्यादित असते; ती भरली की जुन्या नोंदी पुसून नव्या लिहिल्या जातात. तिसरी अडचण सर्वांत फसवी आहे. विंडोजमध्ये मूळचीच योजना अशी असते की, प्रणाली कोसळताच संगणकाने आपोआप रीस्टार्ट व्हावे. निळा पडदा काही क्षण दिसून नाहीसा होतो. समोर बसलेला कर्मचारी एवढेच सांगू शकतो की, ‘आपोआप बंद झाला आणि चालू झाला.’ त्याचे म्हणणे खरे असते, पण त्याच्यावर सहसा कोणी विश्वास ठेवत नाही.

एकत्र पाहिले की कारण बोलू लागते

एका संगणकाची नोंद पाहून फारसे हाती लागत नाही. सर्व संगणकांच्या नोंदी एकाच कागदावर आल्या की त्या बोलू लागतात. वैद्य ज्याप्रमाणे लक्षणांचा मेळ घालून निदान करतो, त्याप्रमाणे येथे चार प्रश्न विचारावेत.

एकाच इमारतीतील अनेक संगणक एकाच मिनिटाला बंद पडले काय? तसे असेल तर दोष विजेचा आहे. वळिवाच्या दिवसांत विजेचा दाब वरखाली होतो आणि जुन्या यूपीएसची बॅटरी क्षणभरही तग धरत नाही. अशा वेळी संगणक दुरुस्तीस पाठवणे म्हणजे रोग एकाला आणि औषध दुसऱ्याला!

निरनिराळ्या शाखांतील, पण एकाच बनावटीचे संगणक बंद पडत आहेत काय? मग संशय त्या बनावटीच्या एखाद्या भागावर किंवा त्या भागाला चालविणाऱ्या ‘ड्रायव्हर’ या प्रोग्रामवर घ्यावा. एका ठरावीक तारखेनंतर सर्वत्र प्रमाण वाढले काय? मग त्या तारखेला कोणते अपडेट बसवले गेले, ते पाहावे. आणि केवळ एकच संगणक पुनःपुन्हा पडत असेल तर? मग त्याचे झाकण उघडावे. साचलेली धूळ, थांबलेला पंखा, सैल बसलेली रॅम, फुगलेले कपॅसिटर यांपैकी काहीतरी सापडण्याचा संभव मोठा.

आता थोडे गणित मांडू. समजा, एका संस्थेत ३० संगणक आहेत. प्रत्येक संगणक आठवड्यातून दोनदा अनपेक्षितपणे बंद पडतो आणि प्रत्येक वेळी दहा मिनिटे जातात. आठवड्याचे ६०० मिनिटे, म्हणजे १० तास झाले! प्रत्येक कर्मचाऱ्याला आपली वीसच मिनिटे दिसतात, म्हणून कोणी तक्रार करत नाही. सारे दहा तास फक्त खतावणीत दिसतात. शिवाय अर्धवट लिहिली गेलेली फाईल आणि दुसऱ्यांदा कराव्या लागणाऱ्या नोंदी यांचा खर्च वेगळाच.

शंभर तासांचे मोल

कोणी म्हणेल, दहा मिनिटांच्या खोळंब्याचा एवढा विचार कशाला? अशांसाठी युद्धभूमीवरील एक उदाहरण देतो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील धाहरान येथे इराकचे स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैन्याच्या बराकीवर कोसळले. २८ सैनिक मृत्युमुखी पडले. तेथे संरक्षणासाठी पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा सज्ज होती. पण तिने प्रतिकारच केला नाही. तिचा संगणक शंभर तासांहून अधिक काळ अखंड चालू होता. वेळ मोजण्याच्या त्याच्या पद्धतीत एक अतिसूक्ष्म चूक होती. ती साचत साचत सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांशापर्यंत गेली आणि त्यामुळे यंत्रणा आकाशात चुकीच्या ठिकाणी शोध घेत राहिली. संगणक मधूनमधून रीस्टार्ट केला असता, तर ही साचलेली चूक शून्यावर आली असती.

याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. यंत्रणा सलग आठ तास चालली तरी नेम सरकू लागतो, हे इस्रायलकडील माहितीवरून ११ फेब्रुवारीलाच ध्यानात आले होते. त्यानंतर सैन्यदलांना ‘फार वेळ’ चालू ठेवू नका, अशी सूचनाही गेली. पण ‘फार वेळ’ म्हणजे किती तास, हे तीत नव्हते. सुधारित सॉफ्टवेअर धाहरानला पोहोचले ते २६ फेब्रुवारीला, म्हणजे दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी!

आपल्या कार्यालयात क्षेपणास्त्रे नाहीत. बोध मात्र आपल्यालाही लागू आहे. यंत्र कधी बंद पडले याइतकेच, ते शेवटचे केव्हा नव्याने सुरू झाले, हेही माहीत हवे. येथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असेल तर संध्याकाळी ‘शट डाऊन’ केलेला संगणक प्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवतो आणि सकाळी तीच पुन्हा उचलतो. आपल्याला वाटते संगणक रोज नव्याने सुरू होतो. प्रत्यक्षात गाभा कित्येक दिवस तोच असतो. खऱ्या अर्थाने नवा आरंभ हवा असेल, तर ‘रीस्टार्ट’ हीच आज्ञा द्यावी लागते.

मौनाचीही नोंद हवी

दुसरे उदाहरण १९ जुलै २०२४चे आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष फाईल जगभर पाठवली. ती मिळालेले विंडोज संगणक कोसळू लागले. सुरू होत आणि पुन्हा कोसळत. ७८ मिनिटांत ती फाईल मागे घेण्यात आली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बाधित झाले होते. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीच्या तपासणीत जे कारण पुढे आले, ते किती क्षुल्लक असावे? प्रोग्रामला २१ रकाने अपेक्षित होते, प्रत्यक्षात २० पुरवले गेले होते.

यातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, कोणताही बदल सर्व संगणकांवर एकाच वेळी करू नये. आधी दोन-तीन संगणकांवर तो बसवावा, काही दिवस त्यांच्या रीस्टार्टची नोंद पाहावी आणि मगच पुढे जावे. त्या कंपनीनेही पुढे टप्प्याटप्प्याने फाईल पाठविण्याची पद्धत स्वीकारली.

दुसरा धडा अधिक सूक्ष्म आहे. जो संगणक सुरूच होऊ शकत नाही, तो ‘मी पडलो’ असा निरोप तरी कसा धाडणार? त्याच्याकडून नोंदच येत नाही आणि तक्त्यात तो निर्दोष दिसतो! म्हणून खतावणीत ‘नोंद आली नाही’ असा स्वतंत्र रकाना हवा. गावातील एखादा कार्यकर्ता बैठकीला आला नाही, तर आपण त्याची चौकशी करतोच. यंत्राच्या बाबतीतही तेच करावे.

नोंद यंत्राची, पाळत माणसावर नव्हे

यापुढची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अशी नोंद सुरू होताच कर्मचाऱ्यांच्या मनात शंका येते : आता आमच्यावर नजर ठेवणार काय? ही शंका रास्त आहे आणि तिचे निरसन आरंभीच केले पाहिजे. घटनेची वेळ, तिचा प्रकार, संगणकाची बनावट आणि प्रणालीची आवृत्ती एवढेच घ्यावे. कर्मचारी काय टंकलिखित करतो, कोणते पान पाहतो, याच्याशी या कामाचा संबंध नाही. प्रणाली कोसळल्यावर तयार होणाऱ्या ‘डम्प’ फाईलमध्ये स्मृतीतील मजकूर उतरलेला असू शकतो. त्यात खातेदारांची माहितीही येऊ शकते. म्हणून अशा फाईली कुलपात ठेवण्याच्या योग्यतेच्या समजाव्यात आणि कोणाही दुरुस्तीवाल्याच्या हाती सहज देऊ नयेत.

उलट, प्रामाणिक नोंद ही कर्मचाऱ्याची ढाल आहे. संगणक पुनःपुन्हा बंद पडू लागला की खापर बहुधा समोर बसलेल्या माणसावर फुटते. ‘तुम्हाला चालवता येत नाही’, ‘तुम्हीच काहीतरी दाबले असेल’, असे त्याला ऐकावे लागते. वयस्क कर्मचारी आणि नव्याने कामावर आलेल्या भगिनी हे निमूटपणे ऐकून घेतात. त्याच खोलीतील चार संगणक त्याच मिनिटाला बंद पडले होते, हे कागदावर आले की हा अन्याय थांबतो. माणसावरचा अकारण ठपका दूर होणे हा लाभ मी वाचलेल्या दहा तासांहून मोठा मानतो.

आरंभ कसा करावा?

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. प्रथम सर्व संगणकांना क्रमांक द्यावेत आणि बनावट, खरेदीचे वर्ष व प्रणाली यांची यादी करावी. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. असे संगणक किती उरले, हे या यादीवरूनच कळेल.

दुसरे, सर्व घड्याळे जुळवावीत. घड्याळांत पाच मिनिटांचा फरक असेल, तर एकाच क्षणी घडलेली घटना पाच वेगळ्या घटना भासते. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत, राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांच्या वेळेशी घड्याळे जुळविण्यास आणि नोंदी १८० दिवस जपण्यास सांगितले आहे. निर्देश सुरक्षेसाठी असले तरी आपल्या कामालाही ते उपकारक आहेत.

तिसरे, नोंदी एका जागी आणाव्यात. सर्व संगणकांच्या घटना एका संगणकाकडे पाठविण्याची सोय विंडोजमध्येच आहे. जेथे संगणक पाच-सातच आहेत, तेथे ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ पुरेसा आहे. त्यात दिवसवार आलेख आणि १ ते १० असा स्थैर्याचा अंक दिसतो. तो आठवड्यातून एकदा वहीत उतरवला तरी चालेल. ठरवून केलेले रीस्टार्ट आणि अनपेक्षित घटना यांचे रकाने मात्र वेगळे असावेत. सरसकट मोजले, तर अपडेट वेळेवर करणारी शाखाच दोषी ठरेल!

शेवटची गोष्ट म्हणजे, दर आठवड्याला पंधरा मिनिटे ही वही कोणीतरी वाचली पाहिजे. दुरुस्ती झाल्यावर पुढील चार आठवडे त्या संगणकाची नोंद तपासावी आणि मगच ते खाते बंद करावे. न वाचलेली वही आणि न ठेवलेली वही यांत काही फरक नाही.

मोठे अपघात अचानक होतात, असे आपण म्हणतो. बहुतेकांच्या आधी लहान लहान सूचना येऊन गेलेल्या असतात. त्या वेचून ठेवणारे कोणी नसते, एवढेच. आपल्या संस्थांवर सामान्य माणसाने विश्वास टाकला आहे. त्याची ठेव, त्याच्या मुलाचा दाखला, त्याच्या आजाराची कागदपत्रे आज या यंत्रांत आहेत. ती यंत्रे काय सांगत आहेत, हे ऐकण्याची शिस्त आपण अंगी बाणवावी, अशी विनंती करून मी माझे विवेचन संपवतो.