चाकांची खुर्ची आणि खेड्याची वाट



आमच्या सावलीचें नांव दूरवर गेलें तें खादीमुळें. १९३६ सालीं गांधी सेवा संघाचें संमेलन येथें भरलें व खुद्द गांधीजी त्यासाठीं सावलीस येऊन राहिले, ही गोष्ट आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. त्याआधीं सात वर्षें, म्हणजे १९२९ मध्यें, चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस लावलें होतें. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा हलका असावा, साध्या झोपडींत चालावा, एखाद्या बाईनें आठ तास चालविला तरी ती फार थकूं नये, किंमत दीडशें रुपयांवर जाऊं नये, आणि तो वीस वर्षें टिकावा. बक्षीस कोणासही मिळालें नाहीं. पण यंत्र कसें असावें हें वापरणाऱ्याच्या घराकडे पाहून ठरवावयाचें, हा विचार त्या अटींत स्पष्ट होता. आज मी ज्या यंत्राविषयीं बोलणार आहें, त्या चाकांच्या खुर्चीच्या बाबतींत हा विचार रुजावयास फार काळ लागला.

घडीची खुर्ची आपण इस्पितळांत पाहिली असेल. आसनाखालीं फुलीसारख्या दोन नळ्या, मागें दोन मोठीं चाकें, पुढें दोन लहान. ही १९३३ सालीं अमेरिकेंतील हर्बर्ट एव्हरेस्ट व हॅरी जेनिंग्ज या दोघां स्नेह्यांनीं काढली. एव्हरेस्ट खाणींतील अपघातांत पाठीचा कणा मोडून पंगु झालेले; जेनिंग्ज इंजिनियर. मोटारींत घालतां येईल अशी खुर्ची त्यांस हवी होती, व तशी ती झाली. फरसबंद रस्ता आणि दारांत मोटार, अशा मुलखासाठीं ती उत्तमच. पुढें मात्र हाच नमुना, जेथें फरसबंदी नाहीं अशा देशांतही गेला.

या नमुन्यास ज्यांनीं जन्मभर प्रश्न विचारले ते राल्फ हॉचकिस हेही अमेरिकनच. १९६६ मध्यें, विद्यार्थिदशेंत, मोटारसायकलच्या अपघातानें ते कमरेखालीं लुळे झाले. यंत्रविद्येची आवड होतीच. ते खुर्चींत बसूनच खुर्च्या सुधारूं लागले. १९८० मध्यें ते मध्य अमेरिकेंतील निकाराग्वा देशांत गेले. तेथें चार पंगु तरुण एकच खुर्ची पाळीपाळीनें वापरीत आणि तिची डागडुजी स्वतःच करीत. त्या डागडुजींत हॉचकिस यांस कारखानदारांहून अधिक शहाणपण दिसलें. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठांत ते शिकवूं लागले, आणि गरीब देशांतून हिंडून तेथल्या कारागिरांबरोबर खुर्च्या घडवूं लागले. १९८९ सालीं त्यांस मॅकार्थर पारितोषिक मिळालें.

त्यांच्या खुर्चीचें मर्म पुढच्या चाकांत आहे. इस्पितळी खुर्चीचें पुढचें चाक अरुंद व कडक. तें मुरुमांत रुततें, दगडास अडतें, आणि बसलेला मनुष्य तोंडावर पडतो. हॉचकिस यांच्या खुर्चीस रुंद रबरी चाक आलें. झिंबाब्वेंतील कारागिरीवरून त्यास झिंबाब्वे चाक असेंच म्हणतात. शिवाय तें बरेंच पुढें सरकविलें, म्हणजे खुर्ची लांब झाली व पालथी होईना. मागें साधे सायकलचे टायर, आणि शक्य तितके भाग गांवच्या बाजारांत मिळणारे.

हें सारें सावलीस कशाला, असें कोणी विचारील. माझा एक जुना विद्यार्थी झाडावरून पडून कमरेखालीं लुळा झाला. एका शिबिरांत त्यास नवी कोरी खुर्ची मिळाली. हार झाले, छायाचित्र झालें. त्याचें घर धानाच्या बांध्यांच्या कडेला, आणि अंगणापासून सडकेपर्यंत मातीची वाट. पहिल्याच पावसाळ्यांत पुढचें चाक निखळलें. तसलें चाक ना मूलला मिळालें, ना चंद्रपूरला. खुर्ची ओसरीवर पडली, तिच्यावर धानाचें पोतें आलें, आणि हा गडी हातांवर फरफटत अंगणांत येऊं लागला. आसनही त्याच्या मापाचें नव्हतें. ज्यास खालच्या अंगाची जाणीव नाहीं, त्यास कडक आसनावर तासन् तास बसविलें तर दाबानें जखम होते व ती त्याला कळतही नाहीं. चिघळली म्हणजे प्राणावर बेततें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ मध्यें काढलेल्या मार्गदर्शिकेंत माप घेणें, वापर शिकविणें व पुढें देखभाल करणें हीं खुर्ची देण्याइतकींच आवश्यक मानलीं आहेत. आमच्याकडे शिंपी माप घेतल्यावांचून सदरा बेतीत नाहीं. खुर्ची मात्र ट्रकांतून उतरते तशी वांटली जाते.

आमच्याच जिल्ह्यांत वरोऱ्याजवळ आनंदवन आहे. तेथील बाबा आमटे यांचा कणा असा झिजला होता कीं त्यांस बसणेंच अशक्य झालें. उभें राहावें किंवा आडवें व्हावें. उत्तमांतली उत्तम खुर्चीही त्यांच्या कामाची नव्हती. तरी १९८५ च्या डिसेंबरांत ते कन्याकुमारीहून निघाले आणि भारत जोडो यात्रेबरोबर काश्मीरपर्यंत गेले, गाडींत निजून. त्यांच्यासाठीं गाडी त्यांच्या देहाप्रमाणें बेतली गेली. माझ्या विद्यार्थ्यासाठीं तितकें कोणी करावयाचें?

सावलीच्या बाजारांत सायकली दुरुस्त करणारे आहेत, नळ्या जोडणारे वेल्डर आहेत. गेल्या उन्हाळ्यांत त्यांपैकीं एकानें, भाड्याच्या हातगाडीचें रुंद रबरी चाक त्या खुर्चीच्या पुढें मधोमध बसवून दिलें. आतां ती तीन चाकांची झाली आहे. वळतांना अजून कुरकुरते. पण सडकेपर्यंत जाते, आणि तेथून शनिवारीं तो दुकानापर्यंतही जाऊन येतो. आसनाची गादी त्याच्या मापाची कोण शिवून देईल, याचा शोध चालू आहे.