फाईल मॅनेजर कुठला घ्यायचा? विंडोज, मॅक, लिनक्स आणि आपला फोन

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, "फाईल मॅनेजरमध्ये निवडायचं काय? जो आलाय तो वापरायचा." पण तुमची दहावीची मार्कशीट, आजीचे फोटो, शेताच्या सातबाऱ्याची पीडीएफ, हे सगळं उचलून इकडून तिकडे ठेवतं ते हेच सॉफ्टवेअर. मी ऑफिसात लिनक्सवर काम करतो, घरी विंडोजचा लॅपटॉप आहे, ताई मॅक वापरते आणि खिशात अँड्रॉइड. त्यामुळे चारही ठिकाणचं थोडं थोडं सांगतो.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. एकाच डिस्कवर फाईल 'मूव्ह' केली की ती जागची हलत नाही, फक्त तिचा पत्ता बदलतो. म्हणून चार जीबीचा पिक्चरसुद्धा क्षणात जातो. पण फोनमधून लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर मूव्ह करताना आधी कॉपी होते, मग मूळ फाईल डिलीट होते. मध्येच केबल निघाली तर कुठली फाईल कुठे राहिली, हा घोळ. म्हणून कुठलाही फाईल मॅनेजर असो, आधी कॉपी करा, फायलींची संख्या आणि साइज जुळवा, दोन-चार उघडून बघा, आणि मगच डिलीट.

आता विंडोज. फाईल एक्सप्लोरर रोजच्या कामाला पुरेसा आहे, २०२२ पासून विंडोज ११ मध्ये त्याला टॅबसुद्धा आलेत. फक्त एक सेटिंग बदला: फाईलचं एक्स्टेन्शन दिसू द्या. एरवी ते लपलेलं असतं, त्यामुळे 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' नावाची फाईल नुसती 'बिल.पीडीएफ' दिसते आणि आपण बिनधास्त डबल क्लिक करतो. आणि हो, पेनड्राइव्हवरून डिलीट केलेलं सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही.

हजारो फोटो लावायचे असतील तर दोन खिडक्यांचा फाईल मॅनेजर घ्या. डावीकडे कुठून, उजवीकडे कुठे, दोन्ही समोर. ही कल्पना १९८६ च्या नॉर्टन कमांडरने लोकप्रिय केली. त्याच वळणाचा टोटल कमांडर १९९३ पासून विंडोजवर आहे. माझी पसंती डबल कमांडरला: फुकट, ओपन सोर्स, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो. एफ-५ म्हणजे कॉपी, एफ-६ म्हणजे मूव्ह. मशीन बदललं तरी हाताची सवय तीच.

मॅकवाल्यांनो, फाइंडरमध्ये फाईल 'कट' करायला गेलात तर होणार नाही. कमांड-सी करा आणि पेस्ट करताना कमांड-ऑप्शन-व्ही दाबा, की मूव्ह होते. एंटर दाबलं तर फाईल उघडत नाही, नाव बदलायला येतं. स्पेसबार दाबून मात्र न उघडता फाईल बघता येते, हे मला फार आवडतं. विंडोजच्या एनटीएफएस हार्ड डिस्कवरचं मॅक वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे चालणारी डिस्क हवी तर एक्सफॅट फॉरमॅट घ्या. फॉरमॅट केलं की आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा डेटा आधी बाजूला काढा.

लिनक्सवर केडीई असेल तर डॉल्फिन मिळतो. एफ-३ दाबलं की खिडकीचे दोन भाग होतात, एफ-४ ला खाली टर्मिनल. ग्नोमचा नॉटिलस साधा, नवख्यांसाठी छान.

आता फोन, म्हणजे खरी जोखीम इथेच. फाईल मॅनेजर ॲप 'सगळ्या फायलींचा ॲक्सेस' मागतं. म्हणजे घराची किल्लीच की! ईएस फाईल एक्सप्लोरर एकेकाळी खूप लोकप्रिय होता. २०१९ मध्ये एका संशोधकाने दाखवलं की त्याच वाय-फायवरचा दुसरा माणूस त्यातून तुमच्या फायली मिळवू शकतो. त्याच वर्षी ते ॲप प्ले स्टोअरवरून गेलं. २०२३ मध्ये 'सिंपल' मालिकेतली ओपन सोर्स ॲप्स दुसऱ्या कंपनीला विकली गेली. नाव तेच, मालक वेगळा. मग त्याच कोडवरून फॉसिफाय हा नवा प्रकल्प उभा राहिला. म्हणून फोनवर माझा नियम सोपा आहे: फोनसोबत आलेला किंवा गूगलचा फाइल्स पुरत असेल तर तोच. जास्त हवं असेल तर ओपन सोर्स मटेरियल फाइल्स.

आज एवढंच करा. सेटिंग्जमध्ये 'ऑल फाइल्स ॲक्सेस' असं शोधा आणि यादी बघा. ज्या ॲपला तुमच्या फायलींशी काही देणंघेणं नाही, त्याची परवानगी काढून टाका. मग आई-बाबांचा फोन घ्या आणि तिथेही हेच करा.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत फायली सांभाळा!