दुसऱ्या हातात वाटी



वारासिवनीच्या पाहुणचाराबद्दल मनापासून आभार. यजमानांनी चिन्नोर तांदळाचा भात वाढला आणि सभागृहाच्या दारातच हातमागाच्या साड्या मांडल्या. त्यामुळे निम्मी सभा अजून तिकडेच आहे, हे अध्यक्षांना दिसते आहे. या साड्यांना 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याबद्दल गावाचे अभिनंदन. वर्षभरातल्या शस्त्रक्रियाशास्त्राचा आढावा अध्यक्षांनी घ्यावा असा प्रघात आहे. तो छापून प्रत्येकाच्या पिशवीत घातला आहे, सवडीने वाचावा. ही खुर्ची अध्यक्षांना तीस वर्षांच्या व्यवसायानंतर मिळाली, आणि मिळालेला वेळ एका नळीवर खर्च करायचा हे त्यांनी निमंत्रण स्वीकारतानाच ठरवून टाकले होते.

ती नळी म्हणजे नाकातून जठरात जाणारी राईल्स ट्यूब. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले जॉन आल्फ्रेड राईल यांनी 1921 मध्ये तशी नळी सुचवली, ती जठरातला रस थोडाथोडा काढून तपासण्यासाठी. बाहेर काढण्यासाठी केलेल्या नळीतून आज आपण पेज, दूध आणि कुटलेल्या गोळ्या आत घालतो. तक्रार तेवढीच असती तर भाषण इथेच संपले असते.

वैनगंगेच्या या पट्ट्यात नळी घेऊन घरी जाणारे रुग्ण दोन प्रकारचे: पक्षाघाताचे आणि तोंडाच्या कॅन्सरचे. तंबाखू-सुपारीचा खर्रा कुठे मिळतो हे इथे कुणाला विचारावे लागत नाही. 1956 पर्यंत या गावाची राजधानी नागपूर होती. पुढे राजधानी भोपाळला गेली, पण रोगी अजून नागपूरचीच वाट धरतात. तिथे ऑपरेशन होते, रेडिएशनचे शेक होतात, आणि नाकात नळी, हातात पन्नास मिलीची सिरिंज देऊन रुग्णाला घरी पाठवले जाते. पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत. घरी पवारी बोलणारी सून.

असाच एक विणकर अध्यक्षांकडे येत असे. गालाचा कॅन्सर, ऑपरेशन झालेले. मे महिन्यात घामाने नाकावरची पट्टी सुटायची, नळी सरकायची, आणि दर दोन दिवसांनी त्याची बायको त्याला घेऊन दवाखान्यात हजर. मग ती एकाएकी यायची थांबली. अध्यक्षांना वाटले, संपले. पंधरा दिवसांनी दोघे आले. बाईने पट्टी फेकून देऊन सुताची मऊ दोरी वळली होती, ती नळीला बांधून कानांमागून नेली होती आणि नाकपुडीपाशी नळीवर लाल सुताची घट्ट गाठ मारली होती. गाठ नाकापासून दूर दिसली की त्या वेळचे खाणे बंद, आधी डॉक्टर.

नळी जागेवर आहे की नाही हे कसे ओळखावे, यावर आपल्याकडे परिसंवाद झडतात. पोटावर स्टेथोस्कोप ठेवून सिरिंजने हवा मारायची आणि गुडगुड ऐकायची, हा कित्येकांचा आवडता उपाय. नळी फुफ्फुसात गेली असली तरी तसा आवाज येऊ शकतो. ब्रिटनने 2005 मध्येच त्यावर विसंबू नका असे बजावले आणि नळीतून आलेल्या रसाचा पीएच 5.5 किंवा त्याखाली आहे का ते पाहायला सांगितले. पण पीएचच्या पट्ट्या गावात कोण विकतो? लाल गाठ नळीचे टोक कुठे आहे ते सांगत नाही, हे खरे. नळी हलली एवढे मात्र ती नक्की सांगते, आणि रात्री दोन वाजता घरातल्या माणसाला तेच कळायला हवे असते. अध्यक्षांच्या लेखी त्या परिसंवादाचा निकाल त्या दिवशी लागला.

काही मित्र म्हणतील, हा सिस्टरचा विषय, सर्जनचा नव्हे. त्यांनी थोडा इतिहास आठवावा. डायलिसिसमुळे नाव झालेल्या सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी 1970 च्या सुमारास शिरेतून पोषण घेणाऱ्या रुग्णाला घरी पाठवायचे ठरवले, आणि घरी टिकेल अशी नळी त्यांच्या सहकाऱ्यांना घडवावी लागली. क्लीव्हलँडमध्ये गॉडरर आणि पॉन्स्की यांनी 1979 मध्ये पोट न उघडता, एंडोस्कोपच्या मदतीने एका तान्ह्या बाळाच्या जठरात नळी बसवली. पुढे 1984 मध्ये गॉडरर यांनीच कातडीलगत बसणारे बटण आणले, कारण लोंबती नळी मुले ओढतात. मोठमोठे सर्जन मुलाच्या खोडीचा विचार करत बसले, त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आपण कशाचा विचार केला? साधी पीव्हीसीची नळी जठरातल्या आम्लात आठ-दहा दिवसांत ताठरते. सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनची चार ते सहा आठवडे टिकते. हे आपल्याला पाठ आहे, तरी स्वस्तातलीच नळी घालून रुग्णाला महिनाभराने बोलावतो. सिरिंजचा दट्ट्या चार दिवसांत अडकू लागतो. झाकण निसटते आणि रात्रभर अंथरुणात जठरातला रस गळतो. कुटलेल्या गोळीने नळी तुंबली की कुणीतरी कोला घालायला सांगतो. आंबट पेयाने दूध आणखी फाटते. कोमट पाणी घ्यावे आणि दम धरावा.

एका घरात अध्यक्षांनी जे पाहिले ते सांगितलेच पाहिजे. खुंटीवर सलाइनच्या दोन बाटल्या शेजारीशेजारी. एकीत खरोखरच सलाइन, दुसरीत गाळलेली पेज, दोन्हींना तोच सलाइनचा संच. देवानेच त्या दिवशी गोंधळ होऊ दिला नाही. असा गोंधळ होऊच नये म्हणून पोषणाच्या नळीचे तोंड शिरेच्या नळीला बसणारच नाही, असे आंतरराष्ट्रीय मानक 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या मापाची सिरिंज आपल्या औषधाच्या दुकानांत मागून पाहावी.

डब्यातली पावडर की घरची पेज, हा वाद अध्यक्ष अर्ध्या वाक्यात मिटवतात: ज्या घरी डबा परवडतो त्यांनी आणावा, बाकीच्यांनी पेजेत मोड आणून वाळवलेल्या धान्याचे चमचाभर पीठ ढवळावे. पेज पातळ होते, नळीतून उतरते आणि अन्नही जास्त मावते. बडोद्याच्या तारा गोपालदास यांनी लहान मुलांच्या खाण्यासाठी हे केव्हाच दाखवून दिले आहे.

यासाठी एक समिती नेमावी, हिंदी-मराठी-पवारीत चित्रांची पुस्तिका काढावी, नळी बनवणाऱ्यांना बोलवावे, असे ठराव येतील. यावेत. तपशील कार्यकारिणी पाहील.

तूर्त एक विनंती. बाहेर चहाच्या टेबलाशेजारी सात जातींच्या नळ्या आणि सिरिंजा मांडल्या आहेत. एका हातात पेजेची भरलेली वाटी धरून, दुसऱ्या एकट्या हाताने प्रत्येकाने त्या एकदा जोडून पाहाव्यात. मग चहा घ्यावा.