थांब्यावरचं छप्पर

श्रोतेहो, मुंबईत आजही टॅक्सीवाल्याला ‘दादर टी.टी.’ एवढंच सांगितलं, तर तो बरोबर जागी आणून सोडतो. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. गाड्या गेल्या, रूळ गेले, पण थांब्याचं नाव लोकांच्या तोंडी राहिलं. गाडी येते आणि जाते. थांबा मात्र त्या रस्त्याचा होऊन जातो. आज मला या थांब्याविषयीच बोलायचं आहे.

जगातल्या अनेक शहरांनी एकदा मोडीत काढलेली ट्राम नव्या रूपात परत आणली आहे. तिला ‘लाइट रेल’ म्हणतात. ही गाडी रस्त्याच्याच पातळीवर धावते. मेट्रोसारखं तिला जिने, तिकिटांचं दालन, सरकते दरवाजे असलेलं स्टेशन नसतं. वीतभर उंचीचा फलाट आणि त्यावर एक छप्पर, एवढंच. म्हणजे ते छप्पर हेच स्टेशन. ते चुकलं तर आडोशाला दुसरं काहीच उरत नाही.

हे मला उशिरा कळलं, आणि ते कबूल करायला हवं. मी व्यवसायानं वास्तुरचनाकार. काही वर्षांपूर्वी एका शहरात बसथांब्यांच्या नव्या शेड उभारायच्या होत्या. त्यांचे नकाशे पाहायला बोलावलेल्या मंडळींत मीही होतो. चकचकीत स्टीलचे खांब, पंख फुटल्यासारखं उंच छप्पर, मागं प्रकाशित जाहिरात. चित्र देखणं होतं. मी मान डोलावली.

त्याच शहरात माझी आई राहत होती. दर गुरुवारी ती बसनं आपल्या धाकट्या बहिणीकडं जायची. नवी शेड झाली आणि दोन-तीन महिन्यांत तिचं जाणं थांबलं. मला वाटलं, वय झालं. विचारलं तेव्हा म्हणाली, “अरे, बसमध्ये चढते मी अजून. पण त्या स्टॉपवर थांबणं होत नाही. बाकावरनं घसरायला होतं, पाय टेकत नाहीत, आणि पाऊस आला की छत्री उघडून शेडमध्ये उभं राहायचं. मग शेड कशाला?” ती शेड मीच पसंत केली होती, हे तिला सांगायचं धाडस मला झालं नाही. मावशी त्यानंतर दोन वर्षं होती. दोघींच्या भेटी मोजक्याच झाल्या.

पुढं फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात जायचा योग आला. या शहरानं १९६० मध्ये ट्राम बंद केली होती. भुयारी मेट्रो आणायची की रस्त्यावरची ट्राम, यावर तिथं मोठा वाद झाला. कॅथरिन ट्राउटमान १९८९ मध्ये महापौर झाल्या, त्यांनी ट्रामची बाजू घेतली, आणि १९९४ मध्ये पहिला मार्ग सुरू झाला. शहराच्या मध्यावर ‘ओम द फेर’ नावाचा चौक आहे. अर्थ, लोखंडी माणूस. तिथल्या औषधाच्या दुकानाच्या दर्शनी भागावर एक चिलखत उभं आहे, त्यावरून हे नाव पडलं. या चौकात गी क्लापो या वास्तुरचनाकारानं काचेचं एक प्रचंड गोल कडं उभारलं आहे. ट्राम त्याच्या खालून जातात, आणि शहरात कुणी कुणाला भेटायचं ठरवलं, तर खूण म्हणून हे कडं पुरतं.

त्याच शहराच्या उत्तरेला, होनहाइम इथं, मार्गाच्या टोकाचा थांबा आणि वाहनतळ झाहा हदीद यांनी केला. तो २००१ मध्ये पुरा झाला आणि २००३ मध्ये त्याला युरोपातला मानाचा मीस व्हान डेर रोह पुरस्कार मिळाला. जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरानंही १९९४ च्या सुमारास बस आणि ट्रामचे नऊ थांबे नामवंत कलाकारांकडून करून घेतले. त्यांत फ्रँक गेरी होते, अलेस्सांद्रो मेंदिनी होते. थांब्यासारख्या किरकोळ वास्तूकडं इतकं लक्ष द्यावं, याचं मला कौतुक वाटलं.

पण श्रोतेहो, खरा धडा मला या नामवंत थांब्यांवर मिळाला नाही. तो मिळाला एका साध्या, नाव लक्षातही न राहिलेल्या थांब्यावर. चाकांची कुबडी ढकलत एक आजीबाई आल्या. फलाटाला पायरी नव्हती, उतार होता. त्या बाकावर बसल्या, ट्राम आल्यावर बाकाच्या हाताला धरून उठल्या आणि सरळ आत गेल्या; फलाट आणि गाडीची जमीन एकाच पातळीवर. कुणी हात दिला नाही, कारण गरजच पडली नाही. मी तिथंच बसून राहिलो. आईची आठवण झाली.

चांगलं छप्पर म्हणजे काय, याचं गणित अवघड नाही. पाऊस पंचेचाळीस अंशांनी तिरपा आला, तर छप्पर जितकं उंच तितका तो आत शिरतो. तीन मीटर उंच आणि दीड मीटर रुंद छप्पर आमच्या जुलैत कुणालाही कोरडं ठेवू शकत नाही. ते खाली आणायला हवं, नाहीतर वाऱ्याच्या बाजूनं आडोसा द्यायला हवा. काचेचं छत युरोपातल्या हिवाळ्यात उबदार वाटतं, आपल्याकडं एप्रिलमध्ये तीच काच भट्टी होते. मागची भिंत मात्र पारदर्शक हवी. रात्री एकटी उभी असलेली मुलगी रस्त्यावरून दिसली पाहिजे. बाक गुडघ्याच्या उंचीचा, सपाट, हात असलेला हवा. खांब असे हवेत की, चाकाची खुर्ची त्यांच्यामधून सहज फिरेल.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ट्राम तीस-चाळीस मीटर लांब असते, दारं अनेक असतात. छप्पर पाचच मीटरचं असेल, तर पावसात सगळे त्याखाली गोळा होतात आणि एकाच दारातून चढू पाहतात. गाडी खोळंबते. म्हणजे तोकडं छप्पर फक्त लोकांना भिजवत नाही, वेळापत्रकही बिघडवतं.

मग छपरं अशी का होतात? १९६४ मध्ये ल्याँ शहरात जाँ-क्लोद दको यांनी एक युक्ती काढली: शेड आम्ही फुकट उभारतो, जाहिरातीचं उत्पन्न आमचं. युक्ती चांगली होती, जगभर पसरली, आणि नगरपालिकांचा खर्च वाचला. पण तिथं करारात बाक किती उंच, छप्पर किती रुंद हे लिहून घेतलं नाही, तर शेड जाहिरातीच्या सोयीची होते. फलक रस्त्यावरून झळकतो, आणि येणारी गाडी मात्र त्याच्याआड लपते.

दुबईत २०१४ साली ट्राम आली, तेव्हा तिथले थांबे बंदिस्त आणि वातानुकूलित केले गेले. तिथल्या उन्हाला तेच उत्तर होतं. त्याची नक्कल करायची गरज नाही. आपल्या हवेला आपलं उत्तर शोधलं पाहिजे, एवढंच त्यातून घ्यायचं.

भारतात ट्राम उरली ती फक्त कोलकात्यात, तीही मोजक्या मार्गांवर. पण २०१९ मध्ये केंद्र सरकारनं मध्यम शहरांसाठी ‘मेट्रोलाइट’ या रस्त्याच्या पातळीवरून जाऊ शकणाऱ्या हलक्या रेल्वेचे निकष जाहीर केले. उद्या आपल्या एखाद्या शहरात ती आली, तर डब्यांची, वेगाची, खर्चाची चर्चा पुष्कळ होईल. छपराचा नकाशा शेवटच्या बैठकीत, चहाबरोबर मंजूर होईल. मीच तसा केला होता.

माझी सूचना साधी आहे. आधी एकच शेड बांधावी. नकाशा मंजूर करणाऱ्यांनी जुलैतल्या एका संध्याकाळी, घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला सोबत घेऊन, तिच्याखाली अर्धा तास बसावं. छत्री न उघडता बसता आलं आणि आधाराशिवाय उठता आलं, तरच बाकीच्या बांधाव्यात. मला हे आईकडून शिकता आलं असतं. मी तिला आधी विचारलं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)