किल्लीतला परवलीचा शब्द

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मोटारीची एक किल्ली हरवली. गाडीबरोबर दोन मिळतात, तेव्हा दुसरी घरात होती. पण माझा विसराळूपणा घरच्यांना चांगला ठाऊक असल्यामुळे, "आजच्या आज नक्कल करून आणा," असा हुकूम सुटला. बाजारपेठेच्या तोंडाशी एक किल्लीवाला बसतो. त्यानं यंत्रावर खाचा पाडल्या, कानस फिरवली, आणि दहा मिनिटांत शंभर रुपयांना नवी किल्ली माझ्या हातावर ठेवली. दार उघडलं. कुलपात किल्ली फिरली. इंजिनानं आचका दिला, क्षणभर सुरू झालं आणि गप्प झालं. समोर एक लहानसा दिवा लुकलुकू लागला. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मी रागानंच त्याच्याकडे पाहिलं. तो शांतपणे म्हणाला, "दाते बरोबर पडलेत, साहेब. पण हिच्यात जीव नाही. मी सांगणार होतो, तुम्हीच घाईत होतात."

त्याचा शब्द शास्त्राच्या पुस्तकात सापडायचा नाही, पण तो चपखल होता. मोटारीच्या मूळ किल्लीच्या डोक्यात, काळ्या प्लॅस्टिकच्या आत, एक वस्तू दडलेली असते. कधी ती तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काचेची नळी असते, कधी चौकोनी वडी. तिच्यात तारेचं एक वेटोळं आणि एक चिप, एवढाच संसार. तिला स्वतःचा सेल नसतो. दार लांबून उघडण्यासाठी किल्लीत जो सेल असतो, तो निराळ्या कामाचा.

मग हिला वीज कुठून मिळते? कुलपाभोवती तारेचं दुसरं एक वेटोळं बसवलेलं असतं. किल्ली फिरवली की त्यातून वीज खेळू लागते, आणि बहुतेक मोटारींत ती सेकंदाला सुमारे सव्वा लाख आवर्तनं करते. फॅरेडेनं १८३१ साली दाखवून दिलेल्या नियमानुसार जवळच्या वेटोळ्यातही वीज उत्पन्न होते. तेवढ्या उसन्या विजेवर चिप जागी होते, बोलते, आणि किल्ली काढताच पुन्हा झोपी जाते. हिला ट्रान्सपाँडर म्हणतात. प्रश्न आला की आपणहून उत्तर धाडणारं यंत्र, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या महायुद्धात आपली विमानं कुठली आणि शत्रूची कुठली हे रडारवर ओळखण्यासाठी अशी उत्तर देणारी यंत्रं विमानांत बसवीत. किल्लीतली चिप ही त्यांचीच धाकटी भावंड.

आता ती बोलते काय? आपल्याकडे गडाच्या दरवाजावर परवलीचा शब्द विचारीत. शब्द बरोबर आला तर दिंडी उघडे. पण ह्यात एक खोट आहे, ती तुमच्या लक्षात आलीच असेल. झुडपाआड दबून बसलेल्या हेरानं तो शब्द एकदा ऐकला, की पुढच्या खेपेला तोही आत. सुरुवातीच्या किल्ल्या अशाच होत्या. एकच ठरलेला आकडा सांगायच्या, आणि तो टिपून घेतला की नक्कल तयार.

पुढं युक्ती निघाली ती अशी. पहारेकरी आणि शिपाई यांनी आधीच एक आकडा मनात ठरवून ठेवायचा आणि तो कधीही उच्चारायचा नाही. समजा, तो ३७ आहे. पहारेकरी विचारतो, "४८." शिपायानं मनात ४८ ला ३७ नं गुणायचं. १७७६ येतात. त्यांतले शेवटचे दोन अंक सांगायचे, ७६. पहारेकऱ्यानंही तोच गुणाकार केलेला असतो. जुळलं, दिंडी उघडली. उद्या तो "५३" म्हणेल, तेव्हा उत्तर ६१. हेर कितीही कान देवो, कालचं उत्तर आज फुकट! मोटारीतलं यंत्र दर वेळी नवा आकडा असाच किल्लीवर फेकतं, आणि हे सारं सेकंदाच्या एका अंशात आटोपतं.

उत्तर जुळलं नाही तर? इथं पुष्कळांचा गैरसमज असतो. कुठली तरी तार तुटते, असं त्यांना वाटतं. तसं नाही. इंजिनात पेट्रोल केव्हा सोडायचं, ठिणगी केव्हा पाडायची, हे अलीकडच्या मोटारीत एक छोटा संगणक ठरवतो. त्याला संमती मिळाली नाही की तो पेट्रोलच देत नाही. ह्या बंदोबस्ताचं नाव इमोबिलायझर. सिनेमातल्यासारख्या दोन वायरी जोडून चोरानं स्टार्टर फिरवला, तरी गाडी पळायची नाही.

मोटारचोऱ्या वाढल्या तेव्हा युरोपात १९९५ साली तसा नियम झाला, आणि ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना हे यंत्र सक्तीचं झालं. कॅनडानं २००७ साली तेच केलं. अमेरिकेनं मात्र सक्ती केली नाही. तिथं २०१५ सालच्या मोटारी पाहा. इतर कंपन्यांच्या ९६ टक्के प्रकारांत ते बसवलेलं होतं, ह्युंदाई आणि किया यांच्या अवघ्या २६ टक्के प्रकारांत. काही वर्षांनी पोरासोरांनी त्यांतल्या उघड्या मोटारी कशा पळवायच्या याच्या चित्रफिती एकमेकांना दाखवल्या, आणि चोऱ्यांचं पेव फुटलं. त्यांतून किमान १४ अपघात आणि ८ मृत्यू झाल्याचं तिथल्या सरकारी खात्यानं फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलं. भाताच्या शितापेक्षा थोडी मोठी ती वस्तू. तिच्या काटकसरीची ही किंमत.

पण थांबा. मघाचा माझा ३७ चा आकडा एखादा चुणचुणीत शाळकरी मुलगाही शोधून काढील. ५३ ला ६१ एवढं ऐकलं, की शून्यापासून ९९ पर्यंत सगळे आकडे लावून पाहायचे. म्हणून गुप्त आकडा प्रचंड हवा, आणि रीत गुणाकारापेक्षा पुष्कळ अवघड हवी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एका चिपमध्ये आकड्याच्या शक्यता सुमारे १ लाख १० हजार कोटी होत्या. भरपूर वाटतात ना? २००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या आणि आरएसए कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी तिची गुप्त रीत उलगडली आणि तो आकडा तासाभराच्या आत शोधून दाखवला.

हे घडावं हे मला तरी नवल वाटत नाही. पॅरिसमध्ये भाषा शिकवणारे ऑग्युस्त केर्कहोफ्स नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांनी १८८३ सालीच लिहून ठेवलं होतं, की गुप्तलेखनाची रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. लपवायचं ते फक्त किल्लीचं गुपित. मोटारीच्या धंद्यानं नेमकं उलट केलं. रीत झाकली आणि आकडा आखूड ठेवला. २०१३ मध्ये बर्मिंगहॅम आणि नायमेखेन इथल्या तिघा अध्यापक-संशोधकांनी दुसऱ्या एका चिपचे दोष दाखवणारा निबंध लिहिला, तर फोक्सवॅगननं लंडनच्या न्यायालयातून तो अडवला. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, तो एक वाक्य गाळून छापला गेला. कंपनीची अडचण मी समजू शकतो, कारण विकलेल्या मोटारी परत कशा बोलावणार? तरी माझं मत निबंधाच्याच बाजूचं. दोष छापला नाही म्हणून तो गाडीतून जात नाही, आणि चोर निबंधाची वाट पाहत बसत नाही.

किल्ली खिशात ठेवूनच चालणाऱ्या मोटारींत तर आकडा फोडायचीही गरज उरत नाही. एक चोर मोटारीपाशी, दुसरा तुमच्या दारापाशी. दोघांनी मिळून पहारेकऱ्याची हाक घरातल्या किल्लीपर्यंत आणि तिचं उत्तर मोटारीपर्यंत पोहोचवलं की झालं. झुरिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये ८ कंपन्यांच्या १० मोटारींवर हे करून दाखवलं. अशी किल्ली रात्री झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी, हा उपाय आजीबाईचा वाटला तरी बहुधा उपयोगी पडतो.

माझ्या किल्लीचं पुढं काय झालं ते सांगतो. शेवटी कारखान्यात गेलो. तिथल्या कारागिरानं उरलेली किल्लीही बरोबर आणायला सांगितली होती. नवी चिप नुसती घालून भागत नाही, मोटारीशी तिची ओळख करून द्यावी लागते. आणि त्याच वेळी, हरवलेली किल्ली मोटारीच्या स्मरणातून पुसायला सांगावं. ती कुणाला सापडली तर त्याला दार उघडता येईल, गाडी नेता येणार नाही. हे मला ठाऊक नव्हतं. तुमची हरवली तर आठवणीनं सांगा. खर्च बाजारपेठेतल्या किल्लीच्या कितीतरी पट आला, तो आकडा मी घरीही हळूच सांगितला.

ती जीव नसलेली किल्ली मात्र टाकली नाही. किल्ली आत ठेवून दार लावून घेण्याची मला सवय आहे. तेव्हा ती आता पत्नीच्या पर्समध्ये असते, आणि महिन्यातून एकदा तरी बाहेर निघते.