महागड्या हेडसेटची पारख

श्रोतेहो, बैलबाजारात आपण रंगवलेल्या शिंगांवर भुलत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच कनवटीला हात घालतो. आता मुले हट्ट धरतात तो संगणकावरच्या खेळांसाठी कानांवर चढवायच्या हेडसेटचा. त्याचीही पारख अशीच करावी.

नमुन्यादाखल ऑडिझी या अमेरिकन कंपनीचा ‘मॅक्सवेल’ घेऊ. २०२३ साली तो बाजारात आला तेव्हा तिकडे त्याची किंमत २९९ डॉलरपासून पुढे होती. एवढे काय आहे बरे त्यात?

साध्या हेडसेटमध्ये तारेचे एक वेटोळे लहानशा पडद्याला ढकलते. मॅक्सवेलमध्ये ९० मिलिमीटरचा अगदी पातळ पडदा असतो. विजेची वाट त्या पडद्यावरच पसरलेली असते आणि जवळ चुंबके बसवलेली असतात. त्यामुळे सबंध पडदा एकसारखा हलतो आणि आवाज स्वच्छ उमटतो. पाऊल डावीकडे वाजले की उजवीकडे, ते खेळणाऱ्याला चटकन उमगते. एकदा भारित केला की तो ८० तासांहून अधिक चालतो. वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, अशा गावी हा गुण मोठाच म्हणायचा.

आता दोष. चुंबके आली की वजन आले. हा हेडसेट ४९० ग्रॅम भरतो, म्हणजे जवळजवळ अर्ध्या किलो साखरेची पुडीच डोक्यावर! तासाभराने मान अवघडते. गाद्या कान पुरते झाकतात, म्हणून वैशाखात घाम फुटतो. आणि आईची हाक? ती ऐकू येईलच असे नाही.

पण मंडळी, खरी गोम पुढेच आहे. हलका हेडसेट मोठ्या आवाजात चिरकतो आणि आपण आपोआप आवाज कमी करतो. चांगला हेडसेट चिरकत नाही, त्यामुळे आवाज किती चढला हे मुलाच्या ध्यानातच येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्यांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला फार तर ४० तास ऐकावा, मुलांनी ७५. आवाज ३ डेसिबलने चढला की ही मुदत निम्मी होते. आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शेत पुन्हा पेरता येते, कान नाही!

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, नुसते पाठ ऐकायला किंवा शिकवायला हवा असेल, तर याच्या दहाव्या हिश्श्याच्या किमतीतला तारेचा हेडसेट पुरे. ज्याला ध्वनीचेच काम करायचे आहे आणि ऐपत आहे, त्याने खुशाल मॅक्सवेल घ्यावा. मात्र आधी तासभर डोक्यावर ठेवून पाहावा. आणि मुलाला द्याल, तेव्हा एक नियमही घालून द्या : शेजारी बसून साध्या आवाजात मारलेली हाक ऐकू आली पाहिजे. नाही आली, तर आवाज कमी.