गुणांच्या तक्त्यातली शून्ये

(मदतनीसांच्या वार्षिक मेळाव्यात वसतिगृहातील अभ्यासवर्गाच्या शिक्षिकेने केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात मी मुलांचा निकाल वाचून दाखवते. यंदा वाचणार नाही. त्याऐवजी गेल्या वर्षीची माझी एक चूक तुमच्याजवळ कबूल करणार आहे.

आमचे वसतिगृह नवापूर तालुक्यात. मुले मावची बोलणाऱ्या घरांतली, शाळा मराठी. दिवाळीनंतर कितीतरी आईबाप ऊसतोडीसाठी बारडोलीकडे जातात, आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला कधी मोठ्या मुलीलाही बरोबर नेतात. हे मला चांगले ठाऊक आहे. पण कॉम्प्युटरवर गुण भरताना ते माझ्या लक्षातच आले नाही.

आपल्यापैकी एका कुटुंबाने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर मी एक्सेल शिकले. आधी गुण वहीत होते. तक्ता झाला, सरासरी आपोआप निघू लागली, क्रमही लागला, आणि मला मोठी हुशारी वाटली. चौथीतल्या एका मुलीला २५ पैकी १८ आणि १६ असे गुण होते. नंतरच्या दोन चाचण्यांना ती पडावावर होती. त्या दोन चौकटींत मी ० लिहिले. चौकट रिकामी कशी ठेवायची, एवढाच माझा विचार. सरासरी आली साडेआठ. यादीत ती शेवटून दुसरी.

ती यादी मी नाव, बापाचे नाव आणि गावासह व्हॉट्सॲपवर मदतनीसांना पाठवली. कुणी ती पुढे पाठवली, पुढच्याने आणखी पुढे. परत आल्यावर उपासनेनंतर अंगणात एका मोठ्या माणसाने तिला प्रेमानेच म्हटले, “तू ती शेवटून दुसरी ना? अभ्यास कर हं.” ती काही बोलली नाही. दोन दिवस अभ्यासवर्गात आली नाही. तिसऱ्या दिवशी मला येऊन म्हणाली, “बाई, मी पेपर दिलाच नव्हता.”

त्या रात्री मी तक्ता पुन्हा उघडला. एक्सेलचा दोष नव्हता. ० लिहिले की ते ० गुणच धरते आणि चाराने भागते. चौकटीत अक्षर असेल, तर सरासरी काढताना ती चौकट सोडून देते. मी दोन्ही शून्ये खोडून ‘गै’ लिहिले, गैरहजर म्हणून. साडेआठाचे सतरा झाले.

पण सतरा हेही पुरते खरे नाही. तिच्या दोन महिन्यांचे अपूर्णांक बुडाले होतेच. म्हणून आता सरासरीच्या शेजारी आणखी एक रकाना असतो, किती चाचण्या दिल्या याचा. ज्याच्यापुढे चारऐवजी दोन दिसते त्याला आम्ही नापास म्हणत नाही; त्याला संध्याकाळी वेगळे घेऊन बसतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी निघाली. पूर्वी मी मुलामागे एकच आकडा भरत असे, एकूण गुण. एका शिक्षकमित्राने सुचवले, प्रत्येक प्रश्नाला वेगळा रकाना कर. मुलाची एक ओळ, प्रश्नाचा एक रकाना. उत्तर बरोबर असेल तर १, चुकले तर ०. ओळीची बेरीज केली की मूल कळते, रकान्याची बेरीज केली की आपले शिकवणे कळते. शून्याच्या चौकटीला लाल रंग यावा अशी सोय एक्सेलमध्ये आहे, ती लावली. भरायला वेळ लागतो, हे खोटे सांगत नाही. एकदा तर मी फक्त गुणांचा रकाना निवडून क्रम लावला आणि गुण एकीकडे, नावे दुसरीकडे झाली! तेव्हापासून मूळ तक्त्याची एक प्रत आधीच बाजूला ठेवते.

तर रंग लावल्यावर काय दिसले? हातच्याची बेरीज, जिची मला भीती होती, तो रकाना जवळजवळ स्वच्छ. आणि ‘ऐका व लिहा’ हा सोपा म्हणून ठेवलेला पहिलाच प्रश्न वरपासून खालपर्यंत लाल. पेपर काढून बघितले. मी ‘तेवीस’ म्हटले, तर कित्येकांनी ३२ लिहिले. ‘एकोणतीस’ ऐकून कुणी ३९, कुणी ३१. आता तुम्हीच ऐकून पाहा. तेवीसमध्ये तीन आधी ऐकू येतो, वीस नंतर. एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येतो आणि आकडा विशीतला! घरात मराठी नसलेल्या मुलाने काय करावे? याच अडचणीसाठी बालभारतीने ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे संख्यावाचन आणले, आणि २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा वाद झाला ते तुम्हांला आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. तेव्हा मीही ‘आपली मराठी बिघडवतात’ असे म्हणणाऱ्यांत होते. लाल रकाना पाहिल्यावर ते शब्द परत घ्यावेसे वाटले.

आम्ही काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले. दोन गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या: वीस आणि तीन, म्हणजे तेवीस. दोन्ही नावे एकामागून एक म्हणायची. नुसते एकूण गुण पाहिले असते, तर ‘ही मुले गणितात कच्ची’ असे म्हणून मी पुन्हा बेरजांचाच ढीग दिला असता.

आता वाटण्याबद्दल. तुम्ही पैसे देता, तुम्हांला हिशेब विचारायचा हक्क आहे. यापुढे तुम्हांला एक पान मिळेल: किती मुलांनी किती चाचण्या दिल्या, कोणता प्रश्न किती जणांना आला, आणि त्यावर आम्ही काय केले. त्यात नावे नसतील, क्रम नसेल. पहिला कोण आणि शेवटचा कोण, हे कृपा करून विचारू नका. नावांचा तक्ता लॅपटॉपमध्ये पासवर्डखाली आहे. तो मी आणि गृहप्रमुखच उघडतो.

आईबापांना मात्र आपल्या लेकराची ओळ कळायलाच हवी. बहुतेकांना वाचता येत नाही, म्हणून रविवारी संध्याकाळी आम्ही फोन करतो. टक्के सांगत नाही. “गठ्ठे मोजता येतात, अपूर्णांक राहिलेत,” असे सांगतो, आणि फोन मुलाच्या हातात देतो.

त्या मुलीचे आईवडील यंदाही तोडीला गेले, पण ती वसतिगृहातच राहिली. गेल्या रविवारी तिने स्वतःच बापाला आपली ओळ सांगितली. पलीकडून तो म्हणाला, मुकादमाच्या वहीत किती टन लिहिलेत ते सुट्टीत येऊन मोजशील का? ती म्हणाली, वही तुमच्याकडेच ठेवा, मी येते.